सुट्टीतल्या शिबिरात पाणी तपासायचं, तर विहिरीपासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगड तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. मे महिन्यात पाच दिवसांचं, सकाळपुरतं शिबिर. १० ते १५ वयाची पंचवीसेक मुलं, त्यांतली निम्मी मुंबईहून सुट्टीला आलेली. विषय पाण्याची गुणवत्ता. प्रयोगशाळा नाही, पैसे बेताचे. खाडी, व्हाळ (म्हणजे ओढा) आणि विहीर यांपैकी काय घ्यावं, आणि किट कोणता मागवावा?

किटचं नंतर बोलू. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केल्यावर मी अशी शिबिरं बरीच वर्षं घेत आले आहे, आणि माझं मत आता पक्कं आहे: ज्या पाण्याचा तांब्या मुलं रोज तोंडाला लावतात तिथून सुरुवात करावी. खाडीवर नेलं की मुलं रमतात, पण खाडीचं प्रदूषण म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी गुन्हा, असं त्यांच्या डोक्यात आधीच बसलेलं असतं. विहिरीवर तशी पळवाट नसते. शोषखड्डा आपला, रहाटाचा दोर आपला, कठड्यावर भांडी घासणारी आपलीच काकी. आणि विहिरीवर प्रत्येक मुलाचं काहीतरी ठाम मत असतं. ‘आमच्या बांयचा पाणी गोडा’ (बांय म्हणजे विहीर), हे मालवणी मूल अभिमानानं सांगणारच. ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवा. शिबिराचे पाचही दिवस त्या वाक्याची तपासणी करण्यात जाऊ द्यात.

तारीख ठरवताना कालनिर्णय समोर घ्या. आपल्याकडचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. तुम्हाला खाडीवर सकाळी आठ-नऊला ओहोटी हवी, म्हणजे भरती दुपारी सव्वादोन-तीनला पडायला हवी. तृतीया-चतुर्थीला ते जमतं, आणि तेव्हा उधाण पुरतं ओसरलेलं नसल्यामुळे चिखलही बराच उघडा पडतो. तो खाडीचा दिवस धरा आणि बाकीचे दिवस त्याच्याभोवती बसवा. वेळ गावातल्या मच्छीमाराकडून पडताळून घ्या, कारण खाडीच्या तोंडाशी आणि आत चार किलोमीटरवर भरती एकाच वेळी येत नाही. महिन्याचा पहिला पंधरवडा टाळा. आंब्याच्या काढणीत घरची मोठी मुलं पेट्या भरायला बसलेली असतात, आणि मोठी मुलं नसली तर शिबिराचा कणाच जातो. रोज साडेसात ते अकरा पुरे. त्यानंतर उकाड्यात कोणाचं डोकं चालत नाही, तुमचंही.

पहिला दिवस उपकरणांविना. चार-पाच गट करा, गावातला एकेक पाणवठा एकेका गटाला द्या, आणि नकाशा काढायला लावा. विहीर, तिचा कठडा, भोवतीचा चौथरा फुटलाय का, सांडपाणी कुठे जातं, गोठा किती पावलांवर, शौचालयाचा खड्डा किती पावलांवर आणि उताराच्या कोणत्या बाजूला, दोर आणि बादली कुठे ठेवतात. खड्डा आणि विहीर यांत १५ मीटर अंतर हवं असा सर्वसाधारण नियम सांगतात. पण जांभा दगड भोकाभोकांचा, त्यातून पाणी वाटा काढत धावतं, म्हणून जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळ पठारावर, १५ मीटरवर निर्धास्त राहू नये, हे मुलांना दगडाचा तुकडा हातात देऊन सांगा. चिऱ्याचा एक तुकडा बादलीत बुडवून बाहेर काढला, की पाणी कुठून कुठून गळतं ते त्यांना दिसतं. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडूनही मे महिन्यात टँकर का लागतो, याचंही निम्मं उत्तर त्याच तुकड्यात आहे.

ही तपासणी म्हणजे काही तुमचा-माझा शोध नाही. ग्रामपंचायतीच्या पाणी स्रोतांचं असंच स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर होतं, आणि त्यावरून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाला कोणतं कार्ड आहे ते मुलांनीच ग्रामपंचायतीत जाऊन विचारावं. जलसुरक्षकाची भेटही त्याच फेरीत घडवा. हा माणूस पाण्यात रोज टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि गावात त्याला फक्त नळाला पाणी आलं नाही की लोक ओळखतात.

आता किट. ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनमधून आलेला फील्ड टेस्ट किट बहुधा असेल, आणि तो वापरायचं प्रशिक्षण गावातल्या पाच महिलांना द्यायचं असं त्या योजनेतच आहे. त्या बायकांना शिबिरात शिकवायला बोलवा. बाहेरून आलेल्या कोणा तज्ज्ञापेक्षा शेजारची वहिनी थेंब मोजून क्षार तपासते, हे मुलींच्या डोळ्यांसमोर घडणं मला जास्त मोलाचं वाटतं. किटमधल्या बाटल्यांची मुदत संपलेली नाही ना, एवढं आधी बघून ठेवा. पुष्कळदा किट न उघडता कपाटात पडून असतो.

स्वतःचे पैसे खर्चायचेच तर तीन गोष्टींवर: साधे अल्कोहोल थर्मामीटर, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं एक टीडीएस पेन आणि विष्ठेतले जंतू ओळखणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या कुप्या. पीएचसाठी पट्ट्या घ्या, पण आधी लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात घालून रंग काढा. लिंबाच्या पाण्यात तो लालभडक होतो, चुन्याच्या निवळीत हिरवा. हा खेळ धाकट्यांना तासभर पुरतो. मग पट्टी आणि विहिरीचं पाणी. जांभ्यातलं पाणी अनेकदा किंचित आम्लधर्मी निघतं, भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये सांगितलेल्या ६.५ ते ८.५ या मर्यादेच्या थोडं खालीसुद्धा. घाबरू नका. विष असल्याचं ते लक्षण नाही, दगडाचा स्वभाव आहे. मात्र असं पाणी लोखंडी पाइप लवकर खातं, हे नळाच्या तपकिरी डागांवरून दाखवता येतं.

टीडीएस पेनवर थोडं थांबते, कारण आज घराघरांत गैरसमज पसरवणारं याच्याइतकं दुसरं यंत्र नाही. फिल्टर विकणारा येतो, पेन बुडवतो, आकडा दाखवतो. मुंबईच्या मुलांनी हे बघितलेलं असतं. जांभ्याच्या विहिरीत पेन ५०-६० दाखवतं, मानकात ५०० पर्यंत स्वीकार्य म्हटलेलं आहे, म्हणजे आपलं पाणी बाटलीबंद पाण्यापेक्षा भारी! मुलं नाचायला लागतात. नाचू द्यात. मग एका स्वच्छ पेल्यात तेच पाणी घ्या, त्यात शेण कालवलेल्या पाण्याचे दोन थेंब टाका, ढवळा आणि पेन पुन्हा बुडवा. आकडा हलला न हलल्यासारखा. ‘आता हे कोण पिणार?’ असं विचारा. पेनाला फक्त विरघळलेले क्षार कळतात, जंतू कळत नाहीत, हे सांगायला मग वेगळं व्याख्यान लागत नाही. ते शेणाचं पाणी टाकू नका, पुढे लागणार आहे.

पेनाचा खरा उपयोग किनाऱ्यालगतच्या विहिरींवर. वाळूतल्या विहिरीत पावसाचं गोड पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. तत्त्वतः समुद्रसपाटीच्या वर गोड पाणी एक मीटर असेल, तर त्याखाली ते सुमारे ४० मीटर खोल असू शकतं, आणि उलट बाजूनं वरची पातळी थोडी उतरली तरी खालचं खारं पाणी कितीतरी वर चढतं. प्रत्यक्षात हा हिशेब इतका नेमका बसत नाही, पण मुलांना दिशा कळते. जड दगड बांधलेली बाटली, तिच्या बुचाला वेगळी दोरी: बाटली तळाशी नेऊन मग बूच ओढायचं. वरचं पाणी आणि तळाचं पाणी वेगवेगळं मोजायचं. जिथे पंप दिवसभर चालतो अशा विहिरीत तळाचा आकडा वरच्यापेक्षा बराच मोठा निघाला, तर पंपाबद्दलचा वाद मुलं घरी जाऊन स्वतःच घालतात. त्यात आपण पडू नये.

आता शिबिराचा गाभा: काळी पडणारी कुपी. ही चाचणी आपल्याच देशातली आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव या तिघांनी ती १९८२ मध्ये मांडली. विष्ठेतून येणारे बरेचसे जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, कुपीतल्या लोहक्षाराशी त्याचा संयोग होतो आणि पाणी काळं पडतं. पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण लावायचं, २४ ते ४८ तास ३० अंशांच्या वर ठेवायचं. थंड प्रदेशात याला उबवणी यंत्र लागतं. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघरातल्या फडताळावर काम भागतं.

यावरून शिबिराचं वेळापत्रक ठरतं. कुप्या दुसऱ्या दिवशी सकाळी भरल्याच पाहिजेत, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी निकाल वाचता येतो आणि बोलायला पाचवा दिवस उरतो. तिसऱ्या दिवसावर ढकललं, तर निकाल हाती येतो तो निरोपाच्या गडबडीत.

फक्त विहिरीची कुपी भरून थांबू नका. कमीत कमी दोन कुप्या तुलनेला हव्यात. एकीत खळखळून उकळून झाकून निववलेलं पाणी, दुसरीत तेच उकळलेलं पाणी आणि आपल्या त्या शेणाच्या पाण्याचा एक थेंब. पहिली पारदर्शक राहिली आणि दुसरी काळी पडली, तरच मधल्या कुप्यांवर विश्वास ठेवायचा. विज्ञानाच्या पुस्तकात ‘नियंत्रित प्रयोग’ हा धडा असतो आणि कोणाला आठवत नाही. इथे मुलं स्वतःच ओरडतात की उकळलेली काळी पडली तर सगळंच रद्द.

उरलेल्या कुप्या आजीच्या म्हणण्यावर खर्च करा. घरोघरी पाणी ‘साफ’ करण्याच्या रीती असतात. फडक्यातून गाळणं, तुरटी फिरवणं, रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवणं, उकळणं. एकाच विहिरीचं पाणी, चार रीती, चार कुप्या. पाचवी रीत तुम्ही सुचवा: स्वच्छ, रंग नसलेली प्लास्टिकची बाटली भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवायची. सोडिस नावाची ही पद्धत अनेक देशांत वापरतात, आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हाला ती फुकट साधते. पाणी मात्र गढूळ नसावं आणि ढग असतील तर दोन दिवस ठेवावं. कुप्यांचा निकाल बघायच्या आधी प्रत्येक मुलानं आपला अंदाज वहीत लिहून सही करायची. तुरटीनं गाळ बसतो, पाणी नितळ दिसतं आणि तरी कुपी काळी होऊ शकते, हा धक्का बहुतेकांना बसतो. तांब्याच्या कळशीचं काय होतं ते मी इथे लिहीत नाही. तुमच्या मुलांना बघू द्या.

तीन सावधगिरी. खाडीच्या किंवा चिखलाच्या पाण्यावर ही कुपी वापरू नका. तिथे विष्ठेशी संबंध नसतानाही गंधकाची संयुगं असतात आणि कुपी काळी पडते. उन्हवरे, राजवाडी, तुरळ इथल्या गरम झऱ्यांच्या पाण्याची सहल काढलीत तर तेच. दुसरं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून कुपीची कंपनी त्यावर उतारा घालते का ते वेष्टनावर वाचा. तिसरं, काळी पडलेली कुपी म्हणजे जंतूंची नर्सरी. उघडायची नाही, हुंगायची नाही. शेवटी मोठ्या माणसानं हातमोजे घालून त्यात ब्लीचिंगचं दाट द्रावण ओतावं, अर्धा-एक तास ठेवावं आणि मग शौचालयात रिकामी करावी.

आणि कुपी काळी पडली नाही, म्हणजे पाणी पिण्यालायक, असंही म्हणू नका. मानकाची अट १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू अजिबात न सापडण्याची आहे आणि कुपीत मावतं त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढंच. पक्का निकाल भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून येतो. तिथून निर्जंतुक बाटली आणा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. शक्य असेल तर चार मोठ्या मुलांना बरोबर न्या. लॅब बघून आलेलं मूल पुढे वर्षभर सांगत राहतं.

गणिताचा एक तास राखून ठेवा. विहिरीचा व्यास ३ मीटर, पाणी दीड मीटर: साधारण १०,६०० लिटर. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर १,००० लिटरला अडीच ग्रॅम हा रूढ हिशेब, म्हणजे २६-२७ ग्रॅम. तीच विहीर जुलैत ५ मीटर भरली की ३५,३०० लिटर, आणि पावडर ८८ ग्रॅम. मग जलसुरक्षकाला विचारायचं, तुम्ही किती टाकता? ‘एक मूठ’, मे महिन्यातही आणि जुलैतही. चूक त्याची नाही, त्याला कोणी काटा दिलेला नसतो. एका शिबिरातल्या मुलांनी दहावीतलं वृत्तचितीचं सूत्र वापरून विहिरीच्या आतल्या भिंतीवर मीटरच्या खुणा आणि प्रत्येक खुणेसमोर पावडरीचे ग्रॅम रंगवून दिले होते. खुणा अर्थात मोठ्यांनी उतरून रंगवल्या. पावडरीला मुलांनी हात लावायचा नाही. ती जुनी, ओलसर झालेली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो, म्हणून नळाच्या टोकाला उरलेला क्लोरीन मोजणं हाच पुरावा. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. ग्रामपंचायतीत पिवळा रंग देणारी ओटी टेस्ट चालते. ऑर्थोटोलिडिन त्वचेला आणि एकूणच तब्येतीला चांगलं नाही, म्हणून मुलांच्या हातात गुलाबी रंग देणारी डीपीडीची गोळी द्या.

व्हाळाचा दिवस सगळ्यांत मजेचा, आणि त्यातच चुकीचे निष्कर्ष काढायची सगळ्यांत जास्त भीती. पाण्यातल्या दगडाखाली राहणारे किडे बघून पाण्याची तब्येत ओळखायची ही पद्धत चांगली आहे, कारण मीटर त्या क्षणाचं सांगतो आणि किडा महिन्याभराचं. पांढरा ट्रे, जुनी चहाची गाळणी, रंगकामाचा मऊ ब्रश, भिंग. दगड उलटा करून अलगद ब्रश फिरवायचा. पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आणि बहुधा तीन शेपट्या, ती मेफ्लायची अळी. वाळूचे कण किंवा पानाचे तुकडे चिकटवून स्वतःला घर करणारी कॅडिसफ्लाय. या दोघींना भरपूर प्राणवायू लागतो. टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ बहीण, तिच्या अळीला शेपटीला तीन पानं असतात, चतुराची अळी आखूड आणि दणकट. ही चतुराची अळी गुदद्वारातून पाणी आत घेऊन श्वास घेते आणि तेच पाणी जोरात सोडून पुढे झेपावते. हे एकदा सांगितलं की बारा वर्षांखालचा गट पुढची वीस मिनिटं तुमच्या ताब्यात नसतो. चिखलात लाल दोऱ्यासारख्या अळ्या खूप आणि बाकी काहीच नाही, असं दिसलं तर तिथे प्राणवायू कमी आहे. त्यांचा लाल रंग आपल्या रक्तातल्यासारख्याच हिमोग्लोबिनचा.

पण मे महिन्यात देवगड-मालवणकडचे बरेचसे व्हाळ वाहत नाहीत, नुसते कोंड, म्हणजे डोह उरतात. साचलेल्या, तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. तिथे मेफ्लाय सापडली नाही म्हणून कोंड प्रदूषित ठरवायचा नाही. वाहत्याची तुलना वाहत्याशी आणि साचलेल्याची साचलेल्याशी. बारमाही झऱ्याखालचा पाट, पोफळीच्या बागेत जाणारा, मिळाला तर तो घ्या: झऱ्याच्या तोंडाशी एक जागा आणि कपडे धुण्याच्या दगडाच्या खाली एक. चिपळूणच्या मुलांना तुमच्याकडचा हा प्रश्न येत नाही, कारण कोयनेच्या वीजघरांतलं अवजल, म्हणजे वीज काढून झाल्यावर सोडलेलं पाणी, वाशिष्ठी नदीत येतं आणि ती भर उन्हाळ्यात वाहते. पण तिच्यात मगरी आहेत, तेव्हा हेवा नको.

एखाद्या कोंडात किडाही नाही आणि मासाही नाही, असं आढळलं तर मासे मारायला कोणी पावडर किंवा औषध टाकलंय का ते गावात हळूच विचारा. उन्हाळ्यात हे होतं. मुलांना बहुतेकदा कोणी टाकलं तेही ठाऊक असतं. आणि विहिरीतले गप्पी मासे जिवंत आहेत म्हणजे पाणी चांगलं, हा युक्तिवाद येणारच. गप्पी आरोग्य खात्यानं डासांसाठी सोडलेले असतात. माणसाला हगवण लावणाऱ्या जंतूंचं माशाला काही वाटत नाही.

झऱ्याकाठी पाण्यावर इंद्रधनुषी, तेलकट साय दिसेल आणि खाली तांबडा साका. मुंबईची मुलं लगेच ‘ऑइल’ म्हणतात. काडीनं ती साय मोडायला सांगा. काचेसारखे तुकडे होऊन अलग राहिले तर ती लोहावर जगणाऱ्या जंतूंची साय, जांभ्याच्या प्रदेशात नेहमीची. मोडून पुन्हा जुळली तर तेल, मग वर कुठे पंप किंवा गाडी धुतली जाते ते शोधत जायचं. पाच सेकंदांची ही परीक्षा मला अख्ख्या किटपेक्षा आवडते.

खाडीवर फार काही करू नका. एकाच जागी ओहोटीला आणि शक्य तर भरतीला पेन बुडवा, तापमान घ्या, आणि स्टीलच्या ताटलीवर काळे-पांढरे चार चतकोर भाग रंगवून दोरीनं सोडा. दिसेनाशी होते ती खोली लिहायची. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, पिण्याच्या पाण्यासाठी केलेलं पेन तिथे हात टेकतं, म्हणून नमुना मोजून दहापट-वीसपट पातळ करावा लागतो. उरलेला वेळ चिपी आणि तिवर या खारफुटीच्या झाडांच्या मुळांत काय काय चिकटलंय ते बघण्यात घालवा. कालवं काढणाऱ्या बायका त्या वेळी तिथेच असतात. दहा वर्षांपूर्वी कालवं कुठपर्यंत मिळायची हे त्यांच्याकडून ऐकून नकाशावर रेघ मारली, की खाडीचा दिवस सार्थकी लागला.

कोणीतरी आंब्याच्या फवारणीचं विचारेल. विचारायलाच हवं, देवगडात तर नक्की. खरं उत्तर असं की कीटकनाशक ओळखणारी बाटली यातल्या कोणत्याही किटमध्ये नाही. त्याला मोठी प्रयोगशाळा आणि बराच खर्च लागतो. ‘आपल्याला हे तपासता येत नाही’ असं मुलांना सरळ सांगा आणि नकाशावर कलमांची बाग, फवारणीचं पाणी कालवतात ती जागा आणि विहीर यांतलं अंतर मांडा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत ते. कुपी काळी पडल्यावर काय? ती कोणाच्या तरी विहिरीची असते. आपल्या गावांत विहिरी वाडीवार आहेत आणि वाड्या कशा वसल्या हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘त्या वाडीचं पाणी घाण’ हे वाक्य शिबिरातून बाहेर पडलं, तर ते विज्ञान म्हणून फिरत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून विहिरींना आकडे द्या, नावं नकोत. आकड्यांची यादी तुमच्याकडेच ठेवा. ज्यांची विहीर आहे त्या घरी निकाल आधी कळवा, मुलांसमोर नाही. सार्वजनिक विहीर असेल तर जलसुरक्षक आणि सरपंच यांना लेखी द्या, प्रयोगशाळेत नमुना पाठवल्याची तारीख घालून. गावात सभा घेऊन काळ्या कुप्यांचं प्रदर्शन मांडण्याचा मोह होतो. मांडू नका.

मोठ्या मुलांशी मात्र हा विषय टाळू नये. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते तळं आपल्याच कोकणातलं. त्यानंतर सनातनी मंडळींनी तळं ‘शुद्ध’ करायला त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरी ओतल्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी आदल्या दिवशी शेणाच्या एका थेंबानं कुपी काळी पडताना बघितलेली असते. मी एवढं सांगून गप्प बसते. पुढचं बोलणं तीच करतात.

सुरक्षेचं थोडक्यात, पण यात सूट नाही. पाण्याजवळ सहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि त्याला पोहता येतं याची खात्री. विहिरीतून नमुना मोठ्यांनीच काढायचा, मुलांनी कठड्यावर वाकायचं नाही. व्हाळात गुडघ्याच्या वर पाणी नको, पोहणं नाही, पायात बंद चपला. जखम असलेलं मूल त्या दिवशी लेखनिक. परतल्यावर साबणानं हात, मगच खाऊ. चिखलात जाताना मगरीचं नाव निघत असेल त्या काठाला जायचंच नाही, गावकरी ‘काय करत नाय ती’ म्हणाले तरी.

एक राहिलं. मे महिन्यात विहीर शांत असते, पाणी खोल आणि नितळ. खरी घाण उतरते ती पहिल्या मोठ्या पावसात, आवारातलं सगळं धुऊन. तेव्हा मुंबईची मुलं परतलेली असतात आणि शाळा नुकती सुरू झालेली. म्हणून निम्म्या कुप्या जूनसाठी राखून ठेवा आणि गावातल्या चार मुलांना नेमून द्या. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच विहिरी, त्याच आकड्यांनी. निकालाचे फोटो ती मुंबईला पाठवतील. कुप्या मागवताना मुदत जुलैच्या पुढची आहे ना ते बघा, आणि तोवर त्या उन्हापासून लांब, कपाटात ठेवा.